वेटेड ब्लँकेट घ्यायचंय: ६, १३ आणि ७२ वर्षं, कोणाला किती किलोचं?

मेधा_भांडुप

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसतं वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिननी हलवा प्लीज.

थोरला १३ वर्षांचा आहे, वजन ४६ किलो. एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकत नाही आणि अति चंचलपणा, दोन वर्षांपूर्वी निदान झालं, औषध चालू आहे. शाळा सकाळची, सव्वासहाला उठावं लागतं आणि झोप लागते साडेबारा-एकला, रोजच. आडवा झाला की पाय हलत राहतात, कूस बदलतो, पांघरूण लाथेने खाली, परत वर, उठून पाणी पिऊन येतो, परत आडवा, आणि मग हाक मारतो, आई जरा पायांवर बस ना. मी त्याच्या पोटऱ्यांवर दोन्ही हातांनी दाब देऊन बसते, पंधरा-वीस मिनिटं, आणि तेवढ्यात खरंच डोळा लागतो त्याचा. थेरपी सेंटरला मांडीवर ठेवायचं एक जड उशीसारखं आहे, लॅप पॅड म्हणतात, ते मांडीवर असलं की हाच मुलगा अर्धा तास एका जागी बसून लिहितो, हे मी काचेतून बघितलंय. तेव्हापासून वेटेड ब्लँकेट, म्हणजे आत मणी वगैरे भरून मुद्दाम जड केलेलं पांघरूण, डोक्यात बसलंय.

पण आमच्याकडे एकाला काही आणलं की सगळ्यांचा हिशोब करावा लागतो. धाकटी ६ ची आहे, १८ किलो, दादाला आणणार तर मला पण. सासूबाई ७२, वजन ४९, शुगर आहे, रात्री तीनला जाग येते ती येते, मग सकाळपर्यंत टक्क. त्यांना खालच्या मजल्यावरच्या काकूंनी सांगितलंय की जड पांघरुणाने झोप लागते. आणि मे मधे नणंद येतेय अमेरिकेहून आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन, ती म्हणाली तिकडे बाळांसाठी पण वजन घातलेली स्लीपिंग बॅग मिळते, तुला काय वाटतं. मला काय वाटणार, मी तर हे सगळं पहिल्यांदा ऐकतेय.

ऑनलाइन बघितलं तर एका साइटवर ३ किलोचं ब्लँकेट "वय ३ वर्षांपुढे", दुसऱ्या साइटवर तेवढ्याच वजनाचं "५ ते १२ वर्षे", तिसरीकडे नुसतं "किड्स". मोठ्यांचं ५, ७, ९ किलो. एक सेल चालू आहे, तीन एकदम घेतली तर बरीच स्वस्त पडतात, शुक्रवारपर्यंतच आहे. वयाप्रमाणे कसं निवडायचं कोणी सांगेल का? एसी फक्त बेडरूमला आहे, सासूबाई आणि धाकटी हॉलमधे पंख्याखाली झोपतात, हेही धरून सांगा.


गौरी_डोंबिवली

मेधा, मी दोन वर्षं वापरतेय, ७ किलोचं, माझं वजन ६८. माझ्यापुरतं सांगते, मला फरक पडला. झोप लवकर लागते असं नाही म्हणणार पण मधे जाग आली की परत लागते, आधी ते होत नव्हतं. पहिल्या दोन रात्री विचित्र वाटलं, तिसऱ्या रात्रीपासून बरं वाटायला लागलं.

घेताना आत काय भरलंय ते बघ. काचेचे बारीक मणी असतात, साखरेच्या दाण्याएवढे, किंवा प्लास्टिकचे मोठे दाणे असतात. काचेचे घे. प्लास्टिकला तेवढंच वजन भरायला जास्त दाणे लागतात म्हणून ब्लँकेट जाड होतं, वर दाणे जागेवर धरायला कापूस किंवा फायबर घालतात, आणि आपल्या हवेत ते म्हणजे भट्टी. माझं पहिलं तसंच होतं, पाठीला घामोळं आलं. आणि चौकोन बघ, म्हणजे शिलाईचे कप्पे. हाताच्या पंजाएवढे छोटे हवेत. माझ्या पहिल्याचे मोठे होते, महिन्याभरात सगळे मणी प्रत्येक कप्प्याच्या एका कोपऱ्यात जमा, मधे नुसतं कापड. कोपरा धरून उचललं की सळसळ करत सगळं एका बाजूला जातं, ते ऐकू आलं की समजायचं हे टिकणार नाही.

पंख्याखाली मात्र डिसेंबर-जानेवारी सोडला तर विसर. डोंबिवलीत वीज गेली की मी पहिलं ते अंगावरून काढते.

मुलांचं आणि आजींचं मला माहीत नाही, ते जाणकार सांगतील.


परळची_ओटी

मेधा, मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट (ओटी) आहे, म्हणजे रोजची कामं स्वतःची स्वतः करता यावीत म्हणून मदत करणारी, मुलांबरोबर काम करते, १७ वर्षं झाली. सगळं नीट लिहिते, लांब होईल, पण हा विषय अर्धवट सांगायचा नाही. आणि आधी एक विनंती, शुक्रवार जाऊ दे. तीन एकदम घेऊ नकोस.

बाळापासून सुरू करते कारण तिथे उत्तर एका शब्दाचं आहे. नाही. वजनाचं ब्लँकेट नाही, वजनाची स्लीपिंग बॅग नाही, वजनाचं गुंडाळायचं दुपटंही नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने २०२२ च्या सूचनांमधे स्पष्ट लिहिलंय की झोपलेल्या बाळाच्या अंगावर किंवा जवळपासही असल्या वस्तू नकोत. आठ महिन्यांच्या बाळाची छाती मऊ असते, वजन आलं की श्वास घ्यायला जास्त कष्ट पडतात आणि बाळ ते ढकलूही शकत नाही. बाजारात मिळतं म्हणून चालतं असं नाही. नणंदेला हे वाचून दाखव, तिच्याच देशातल्या डॉक्टरांचं म्हणणं आहे.

आता मोठा मुद्दा. तू विचारलंस वयाप्रमाणे कसं निवडायचं. वयाप्रमाणे निवडायचंच नाही. मी बघते ते एवढंच: हे माणूस झोपेतून दचकून उठलं, अंधारात, घाबरलेलं, तर हे ओझं स्वतःच्या हाताने स्वतःच्या अंगावरून बाजूला टाकेल का? टाकेल तर पुढचं बोलू. नाही टाकणार तर त्या माणसासाठी ते नाही, मग वय १० असो नाहीतर ७०.

वजनाचा हिशोब सगळीकडे दिसेल तुला, शरीराच्या दहा टक्के. आम्हीही सुरुवात तिथूनच करतो. पण तो अंदाज आहे गं, वापरून वापरून रूढ झालेला, कोणी अभ्यास करून ठरवलेला नियम नाही. तुझ्याच घरात लावून बघ. मुलगा ४६ किलो म्हणजे साडेचार किलो. सासूबाई ४९ म्हणजे जवळजवळ पाच किलो. म्हणजे १३ वर्षांच्या धडधाकट मुलापेक्षा ७२ वर्षांच्या आजीला जास्त जड पांघरूण! हा हिशोब अंगाचं वजन विचारतो, हातात ताकद किती ते विचारत नाही.

मी एवढं ठासून का सांगतेय तर अशाने मुलं गेलेली आहेत. कॅनडात क्युबेकमधे २००८ साली ९ वर्षांचा ऑटिझम असलेला मुलगा शाळेत जड ब्लँकेटमधे गुंडाळलेला असताना गुदमरून गेला. अमेरिकेत २०२२ मधे ४ आणि ६ वर्षांच्या दोन मुली मुलांच्या वेटेड ब्लँकेटच्या कव्हरची चेन उघडून आत शिरल्या आणि बाहेर येता आलं नाही. त्यानंतर त्या कंपनीने सुमारे २ लाख ४ हजार ब्लँकेटं परत मागवली. दुसरी गोष्ट तुझ्या धाकटीच्या वयाची आहे म्हणून मुद्दाम लिहिली. मुलांना चेन दिसली की उघडायची असते, चादरीचं घर करायचं असतं, तो खेळच आहे त्यांचा. ३ वर्षांच्या आत तर अजिबात नाही, आणि १८ किलोच्या मुलीला सुद्धा मी रात्रभरासाठी देणार नाही, पॅकेटवर काहीही छापलेलं असू दे. तिला झोपेचा काही त्रास आहे असं तू लिहिलेलं नाहीस. तिला दादासारखं हवंय एवढंच आहे.

मुलाबद्दल. त्याला उपयोग होईल असं तुझ्या वर्णनावरून वाटतं, कारण तो स्वतः दाब मागतोय. पण अपेक्षा किती ठेवायची तेही सांगते. इंग्लंडमधे ऑटिझम असलेल्या ५ ते १६ वर्षांच्या मुलांवर अभ्यास झाला, २०१४ मधे छापून आला, ६७ मुलांनी पूर्ण केला. काही दिवस जड ब्लँकेट, काही दिवस तसंच दिसणारं हलकं. मनगटावर यंत्र लावून मोजलं तर झोपेच्या तासांत फरक पडला नाही. पण मुलांना आणि आईवडिलांना जड ब्लँकेट जास्त आवडलं. मोठ्या माणसांत चित्र वेगळं दिसतं, स्वीडनमधे २०२० च्या अभ्यासात डिप्रेशन, अँक्झायटी, बायपोलर, एडीएचडी असे आजार आणि सोबत निद्रानाश असलेली १२० माणसं घेतली, चार आठवडे. ६ ते ८ किलोच्या, आत धातूच्या साखळ्या असलेल्या ब्लँकेटने जवळजवळ ५९ टक्के लोकांचा निद्रानाशाचा स्कोअर निम्मा किंवा त्याहून कमी झाला, हलक्या ब्लँकेटच्या गटात ५ टक्के. अर्थात अंगावर जड आहे का हलकं ते माणसाला कळतंच, त्यामुळे मनाचा भाग किती ते वेगळं काढता येत नाही. म्हणून मी आईवडिलांना सांगते, पडल्यावरची तगमग कमी झाली तरी ब्लँकेटचं काम झालं, तास वाढतील असं धरून बसू नका. आणि डॉक्टरांना एकदा विचार, औषधाची शेवटची गोळी किती वाजता आहे. एडीएचडीची काही औषधं दुपारी उशिरा घेतली तर झोप पुढे ढकलतात, वेळ बदलून फरक पडतो कधी कधी.

घेण्याआधी घरी एक करून बघ, पैसे लागत नाहीत. गोधडी, सोलापुरी चादर, रजई जे असेल ते एकावर एक घडी घाल. वजनकाट्यावर आधी स्वतः उभी राहा, मग तो गठ्ठा हातात घेऊन उभी राहा, वजाबाकी कर. मुलाला उताणा झोपव, गळ्यापर्यंत घाल, गळ्याच्या वर कधीच नाही. दिवा बंद. पाच मिनिटांनी सांग, काढ. तू बाजूला उभी राहायचंस पण हात लावायचा नाही. एका झटक्यात बाजूला गेलं पाहिजे. विचार करून, कोपरा शोधून, बसून काढावं लागलं तर वजन कमी कर. सासूबाईंनाही करायला सांग, त्यांच्यासाठी आधी एकच गोधडी घे.

दमा, फिट्स, घोरताना श्वास थांबणं, स्नायू अशक्त असणं यापैकी काहीही कोणाला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि मुलासाठी "वाढत्या अंगाचं" म्हणून एक साइज मोठं घेऊ नकोस, शाळेचा युनिफॉर्म नाही हा. आजच्या वजनाचं घे.


नितीन_गिरगाव

ओटी मॅडमनी लिहिलंय त्याला पूर्ण अनुमोदन, म्हाताऱ्या माणसांबद्दल माझा अनुभव जोडतो.

वडील ७८ चे. बहिणीने प्रेमाने ६ किलोचं आणलं, वाढदिवसाला. आमची चाळीतली खोली, ते पलंगावर, मी खाली गादीवर. दुसऱ्या की तिसऱ्या रात्री मला पलंगाच्या लोखंडाचा आवाज आला, उठून बघतो तर दादा, म्हणजे वडील, एका कोपरावर उठायचा प्रयत्न करतायत आणि ते ब्लँकेट अर्धं पलंगावरून खाली लोंबतंय, त्याच्या वजनाने त्यांनाच खाली ओढतंय. बाथरूमला जायचं होतं त्यांना. मला हाक मारली नाही कारण माझी सकाळची ड्युटी होती. मी जागा झालो नसतो तर पडले असते हे नक्की. वेटेड ब्लँकेटचं कोणी श्वास आणि झोप एवढंच बोलतं, पण वयस्कर माणूस रात्रीत दोन-तीनदा उठतो, आणि प्रत्येक वेळी हे ओझं काढून उठायचं, परत येऊन अंगावर घ्यायचं, हे कोणी धरतच नाही.

नंतर डॉक्टरांना दाखवलं तेव्हा त्यांनी विचारलं घोरतात का, तपासणीत स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत मधेच श्वास थांबण्याचा आजार, निघाला. म्हणजे हे त्यांच्यासाठी कधीच नव्हतं. तुमच्या सासूबाई तीनला उठतात ना, ते कशामुळे ते आधी बघा. शुगर असेल तर रात्री लघवीला उठणं हेच कारण असू शकतं, त्यावर पांघरूण काय करणार. आणि शुगरवाल्यांच्या पायांना मुंग्या येत असतील, बधिरपणा असेल तर जास्त दाब पडतोय हे त्यांना कळतच नाही, आमच्या डॉक्टरांनी हेही सांगितलं होतं.


स्वाती_वसई

एवढे पैसे कशाला घालवायचे, घरीच शिवता येतं की. जुन्या दोन चादरी, मधे चौकोन टाकायचे आणि प्रत्येकात मूठभर तांदूळ नाहीतर तूरडाळ. मी व्हिडिओ बघितलाय, छान होतं.


गौरी_डोंबिवली

स्वाती, हे मी करून बघितलंय म्हणून सांगते, नको करूस. जूनमधे शिवलं होतं, मुलीच्या अभ्यासासाठी मांडीवर ठेवायला छोटंसं, तांदूळ घालून. ऑगस्टमधे एक दिवस ती म्हणाली आई यातून काहीतरी चालतंय. शिलाईतून टोके बाहेर येत होते. उसवलं तर आत अर्ध्या तांदळाचं पीठ, आणि कुबट वास. आपल्या दमट हवेत धान्य डब्यात टिकत नाही, कापडात कुठून टिकणार. आणि धुणार कसं? शिवायचंच असेल तर काचेचे मणी विकत मिळतात ते घे, पण कप्पे डबल शिलाईचे कर, मणी बाहेर आले तर लहान मुलं तोंडात घालतात.


स्वाती_वसई

बापरे. टोक्यांचं डोक्यातच आलं नव्हतं. राहू दे मग.


मेधा_भांडुप

सगळ्यांचे खूप आभार. चार दिवस लागले उत्तर द्यायला कारण सांगितलेलं सगळं करून बघितलं. शुक्रवार गेला, काही मागवलं नाही.

शनिवारी रात्री गोधड्या काढल्या. आमच्याकडे सासूबाईंच्या आईची एक गोधडी आहे, नऊवारीची, आत किती थर आहेत देव जाणे, ती एकटीच अडीच किलो भरली. तिच्यावर सोलापुरी चादर सव्वा किलो. अजून एक पातळ चादर घालून ४ किलोच्या थोडं वर झालं. थोरल्याला घातलं, दिवा बंद केला. पाच मिनिटं म्हणाला होतात, मी घड्याळ बघत उभी. आत एकदम शांत. मला वाटलं घाबरला की काय. म्हटलं काढ, तर एका हाताने सगळा गठ्ठा भिंतीकडे भिरकावला आणि म्हणाला, परत घाल ना, आणि अजून एक टाक. अजून एक टाकलं नाही. रात्री तेच घालून झोपला. पाय हलत होते पण कमी. बारा वाजले झोपायला, पण हाक मारली नाही.

सासूबाईंना नुसती गोधडी दिली, अडीच किलोचीच. त्यांना इतकं बरं वाटलं, म्हणाल्या आईच्या घरचा वास येतो अजून. मग मी म्हटलं आता काढा. उजव्या हाताने काठ धरला, छातीपर्यंत आणला, आणि तिथेच थांबल्या. डावा खांदा वर जातच नाही त्यांचा, गेल्या वर्षी आखडला होता तो, मी विसरलेच होते, त्या रोज सगळी कामं करतात म्हणून लक्षात येत नाही. दोनदा प्रयत्न केला, मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, राहू दे गं, मला अशीच बरी वाटतेय. त्या हसत होत्या पण माझ्या पोटात गोळा आला. अडीच किलोला हे, आणि मी पाच किलोचं मागवणार होते.

नितीन, तुम्ही लिहिलंत म्हणून विचारलं, तर हो, तीनला लघवीलाच उठतात. इतकी वर्षं मला वाटत होतं झोप येत नाही म्हणून उठतात. बुधवारी डॉक्टरांकडे नेतेय, शुगरचा चार्ट घेऊन.

धाकटीवर गोधडी घातलीच नाही. ती स्वतःच सोलापुरी चादर ओढून आत शिरली, डोक्यासकट, आणि आतून ओरडतेय मी गुहेत आहे. एरवी मी हसले असते. तिला सांगितलं तुझ्यासाठी आजी छोटी गोधडी शिवणार, तुझ्या बाळपणीच्या फ्रॉकची. आजी लगेच तयार. आता दोघी कापडं काढून बसल्यात. नणंदेला सगळं फोनवर वाचून दाखवलं, तिने ती बॅग मागवलेली होती, परत करतेय.

आता फक्त मुलासाठी एकच घ्यायचंय. ४ किलोचं की ५ चं? आणि लांबी-रुंदी कशी बघायची? एक ५ किलोचं डबल बेडच्या मापाचं आहे, तेही त्याच किमतीत.


परळची_ओटी

मेधा, खूप छान केलंस. सासूबाईंचा खांदा एकदा फिजिओला किंवा ओटीला दाखव, एवढा अडकलेला असेल तर व्यायामाने सुटू शकतो. मोठ्या फी ची गरज नाही, केईएम, सायन, नायर तिन्हीकडे ओटी विभाग आहेत, ओपीडीत दाखवता येतं. केईएमचं ओटी स्कूल तर १९५० चं, कमलाबाई निंबकरांनी सुरू केलेलं, आशियातलं पहिलं. तरी आपल्या लोकांना ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटरच वाटतं, म्हणून लिहावंसं वाटलं.

सासूबाईंना जड काही हवंच असेल तर दिवसा, टीव्ही बघताना, मांडीवर एक-सव्वा किलोचं लॅप पॅड. दोन्ही हात मोकळे, उठायचं झालं तर बाजूला सरकवता येतं. रात्री नाही.

मुलाला ४ चं घे. साडेचारचं मिळालं तर तेही चालेल, ५ चं नको. डबल बेडच्या मापाचं अजिबात नको, आणि कारण फक्त लोंबण्याचं नाही. हे असं बघ, ७ किलोचं ब्लँकेट दीड मीटर बाय दोन मीटर असेल तर ३ चौरस मीटरवर ७ किलो पसरलं, म्हणजे चौरस मीटरला सव्वादोन-अडीच किलो. तेच ७ किलो सव्वा मीटरपेक्षा थोड्या कमी रुंदीत, म्हणजे १२० बाय १८० सेंटिमीटरमधे भरलं तर चौरस मीटरला सव्वातीनच्या जवळ जातं. पाकिटावर दोन्हीकडे ७ किलोच. मोठ्या मापाचं घेतलं की बरंचसं वजन गादीवर पडून राहतं, अंगाला दाब मिळत नाही, आणि माणूस म्हणतो उपयोग नाही, अजून जड घेऊ. तिथे चूक होते. गळ्यापासून पावलांपर्यंत आणि गादीच्या काठाच्या आत बसेल एवढंच माप. ब्लँकेट माणसाचं घ्यायचं, पलंगाचं नाही. नवराबायको सुद्धा एकात दोघं नाही, ज्याचं त्याचं वेगळं.

कव्हरची चेन असेल तर कव्हर घातल्यावर चेनच्या टोकाला दोन टाके घाल किंवा झाकणाखाली लपते अशी चेन बघ, तुझी धाकटी त्या खोलीत जातच असणार. आणि वापर हळूहळू. पहिले चार-पाच दिवस झोपायच्या आधी फक्त वीस मिनिटं, वाचताना पायांवर. मग कमरेपर्यंत. मग त्याला हवं तर गळ्यापर्यंत. एक गोष्ट मात्र घरात सगळ्यांना सांगून ठेव, हे कधीही त्याला शांत करायला जबरदस्तीने घालायचं नाही, दंगा केला म्हणून तर नाहीच. नको म्हणाला की त्या दिवशी नको.


गौरी_डोंबिवली

धुण्याचं सांगायचं राहिलं होतं. बाहेरचं कव्हर वेगळं निघणारं घे, सुती, आणि दोन कव्हरं ठेव. आतलं ब्लँकेट मी वर्षातून दोनदा धुते, तेही एप्रिल आणि नोव्हेंबरमधे. मशीनवर लिहिलेले ७ किलो हे कोरड्या कपड्यांचे असतात, ब्लँकेट पाणी प्यायलं की दुप्पट जड वाटतं, माझ्या मशीनचा ड्रम फिरताना असा आदळायला लागला की खालचे वर आले विचारायला. आता बाथरूममधे टबात बुडवून पायाने तुडवते आणि निथळायला ठेवते. आणि दांडीवर टाकू नकोस! गॅलरीतल्या कपड्यांच्या दांडीची दोरी तुटली माझी, आणि उभं टांगलं की मणी खाली उतरतात. दोन खुर्च्यांवर आडवं पसरून वाळवायचं, दर तासाने उलटायचं. पावसाळ्यात धुवायचंच नाही, आतून ओलं राहिलं तर वास जात नाही. तुझं ४ किलोचं आहे म्हणजे तुला सोपं जाईल.


मेधा_भांडुप

तीन आठवड्यांनी लिहितेय, कोणाला उपयोग होईल म्हणून. ४ किलोचं घेतलं, काचेचे मणी, सिंगल, सुती कव्हर. मॅडमनी सांगितलं तसं पायांपासून सुरू केलं. तो गळ्यापर्यंत घेतच नाही, कमरेपर्यंतच लागतं त्याला, वरचा भाग दुमडून पायांवरच डबल करतो. त्याला पायांवरच हवं होतं बहुतेक, मी हात ठेवायचे तिथेच. एसी २६ ला ठेवते. डॉक्टरांनी संध्याकाळचा डोस दीड तास आधी आणला, त्यामुळे नक्की कशाने ते मला वेगळं सांगता येणार नाही, पण गेल्या आठवड्यात चार दिवस साडेअकराच्या आत झोपला. दोनच्या सुमारास उठून बघते तर ब्लँकेट भिंतीला लागून पडलेलं असतं, झोपेतच फेकून देतो. मी परत घालत नाही.

सासूबाईंची संध्याकाळची गोळी बदलली आणि रात्री आठनंतर चहा बंद केला. खांद्याला नायरला जातोय, मंगळवारी आणि शुक्रवारी. धाकटीची गोधडी निम्मी झालीय.